नंदुरबारच्या भाषा कोणी मोजल्या, आणि काय विचारून?

'भाषा हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर असेल, तर आत्ताच काढून टाका. वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातून शोधण्यासारखं काही हाती लागत नाही. आरसा म्हटलं की समोर जे आहे ते आपोआप दिसतं असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात 'अमुक जिल्ह्यात अमुक भाषा बोलतात' हे वाक्य छापून यायच्या आधी कोणीतरी कोणाला तरी प्रश्न विचारलेला असतो, कोणीतरी उत्तर एका रकान्यात बसवलेलं असतं. संशोधकानं तो प्रश्न आणि तो रकाना आधी वाचायचा असतो. हे काम कंटाळवाणं आहे, व्हायव्हात त्याला टाळ्या पडत नाहीत. तरीही आज आपण तेच करू, आणि त्यासाठी नंदुरबार जिल्हा घेऊ.

नंदुरबारच का? १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५, त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के. धडगावच्या डोंगरात पावरी आणि नोयरी, अक्कलकुव्याकडं देहवाली, नवापूरला मावची आणि कोकणी, शहादा-तळोद्याच्या सपाटीवर गुजरी आणि अहिराणी. खुद्द नंदुरबार शहरात अहिराणीच्या जोडीला गुजराती, मारवाडी, सिंधी, उर्दू. १९४२ साली इथं गोळी झेलणाऱ्या शिरीषकुमारच्या तोंडची घोषणा गुजरातीत होती, हे आपल्याकडं पाठ्यपुस्तकातल्या पोरांनासुद्धा माहीत असतं; त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कारभाराची, शाळेची, पाटीवरची भाषा मात्र मराठी. 'समाज आणि भाषा' या विषयाला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. आणि या वर्गाची हजेरी शंभर वर्षांत तिघांनी तीन तऱ्हांनी घेतली आहे.

पहिली हजेरी जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाची. त्यातला नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. भिल्ल भाषा आणि खानदेशी त्यात आहेत, आणि या भागाचं बरंचसं काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितानं केलेलं आहे. पद्धत अशी: जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांकडं एक ठरलेली गोष्ट पाठवायची, ती स्थानिक भाषेत करून घ्यायची, शिवाय शब्दांची आणि वाक्यांची एक ठरलेली यादी भरून घ्यायची. गोष्ट होती बायबलमधली, उधळ्या मुलाची. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागून घेतो, परमुलखात उडवतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर परत येतो, बाप त्याला मिठी मारतो.

ही गोष्ट का निवडली ते समजून घ्या, नुसती नावं ठेवू नका. तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, भूत-वर्तमान-भविष्य येतं, संवाद येतो. पेशावरपासून आसामपर्यंत एकच मजकूर असल्यामुळं ओळीखाली ओळ ठेवून तुलना करता येते. आणि तुलनेतून खरोखर काही निघालं. अहिराणीचंच बघा. मराठीत 'रामचा', अहिराणीत 'रामना', गुजरातीत 'रामनो'. मराठीत 'घरात', अहिराणीत 'घरमा', गुजरातीत 'घरमां'. मराठीत 'आहे', अहिराणीत 'शे', गुजरातीत 'छे'. शब्द कितीही मराठी वाटले तरी विभक्ती आणि सहायक क्रियापद दुसऱ्याच घरचं. म्हणून सर्वेक्षणानं खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांच्या शेजारी बसवलं. हा निर्णय पटो न पटो, तो पुराव्यावर उभा आहे.

आता दुसरी बाजू. त्या गोष्टीत बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत. आई नाही. बहीण नाही. मातृभाषांच्या एवढ्या अवाढव्य मोजणीसाठी निवडलेल्या गोष्टीत आईच नसावी, हे मला प्रत्येक वाचनात खटकतं. शब्दांच्या यादीत आई-बहीण-बायको आहेत, पण त्याच यादीत गुलाम, मेंढपाळ, देव आणि सैतानही आहेत. वाक्यांमध्ये पांढऱ्या घोड्याचं खोगीर आहे, इथून काश्मीर किती लांब हा प्रश्न आहे. घोड्याचं एक वेळ चालेल. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा खोगीर या मुलखाला परकं नाही. पण अक्राणीच्या डोंगरात कोणाला कधी काश्मीरचं अंतर विचारायची गरज पडली असेल? आणि 'सैतान' या शब्दासमोर तिथल्या माणसानं जे काही सांगितलं, ते त्याच्या भाषेतलं होतं की साहेबाच्या कारकुनानं समजावून दिलेल्या कल्पनेचं? ज्या मुलखात देवमोगरेची याहा मोगी ही कुलदेवता आहे आणि 'याहा' म्हणजे आई, त्या मुलखाचा देव एका शब्दाच्या रकान्यात कसा मावणार?

म्हणजे हा ग्रंथ व्याकरणाचा पुरावा म्हणून भक्कम आहे, समाजाचा पुरावा म्हणून फार कच्चा. तुमच्या प्रबंधात तो कोणत्या कामासाठी वापरताय ते लिहा. 'ग्रिअर्सनच्या मते भिल्ल समाज असा होता' असं वाक्य दिसलं की परीक्षकानं तिथंच लाल रेघ मारायला हवी.

दुसरी हजेरी जनगणनेची, आणि इथं जरा जास्त थांबू या, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचा 'लोकसंख्याशास्त्रीय पार्श्वभूमी'चा तक्ता इथूनच येणार आहे.

२०११ मध्ये देशभरातून मातृभाषेच्या प्रश्नाला १९,५६९ वेगवेगळी नावं आली. छाननी, जोडाजोड करून ती १,३६९ वर आणली. ज्यांचे बोलणारे देशात दहा हजारांहून कमी त्यांना वेगळी ओळ मिळत नाही. उरलेल्यांचे गट पाडून शेवटी १२१ 'भाषा' झाल्या. त्यातली एक 'भिली/भिलोडी', बोलणारे १,०४,१३,६३७. तुम्ही हा आकडा उचलता आणि लिहिता: 'भिली ही एक कोटीहून अधिक लोकांची भाषा आहे.' आता गटाचं झाकण उघडून आत बघा. आत पावरी आहे, मावची आहे, वसावा आहे, वारली आहे, राजस्थानातली वागडी आहे. आणि पुन्हा 'भिली/भिलोडी' याच नावाची एक मातृभाषाही आहे. धडगावची आजी आणि डुंगरपूरचा वागडी बोलणारा शेतकरी या तक्त्यात एक भाषा बोलतात. प्रत्यक्षात ते एकमेकांशी कशात बोलतील याचा अंदाज तुम्हीच करा. माझा अंदाज हिंदीचा आहे.

अहिराणीचं अजून गमतीशीर. जनगणनेत ती 'खानदेशी' या स्वतंत्र भाषेखाली येते. बोलणारे साडेअठरा लाखांच्या पुढं. आणि आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत तीच 'मराठीची बोली' म्हणून शिकवतात. एकच माणूस, दोन खणांत. कोणता खण बरोबर, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. 'बोली' म्हटल्यामुळं काय होतं आणि 'भाषा' म्हटल्यामुळं काय होतं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बोली म्हटलं की तिचं व्याकरण 'मराठीपासून झालेला बदल' म्हणून लिहिलं जातं, तिच्यावरचं संमेलन लोकसाहित्याचं होतं, आणि वर्गात ती बोलणाऱ्या पोराला 'शुद्ध बोल' असं सांगायला मास्तरांना हक्क मिळतो. शब्द एकच, पण त्याच्या मागं अख्खी उतरंड उभी.

मग येतं मातृभाषेची व्याख्या. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईनं जिच्यात तुमच्याशी बोलणं केलं ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. ऐकायला सरळ आहे. पण ज्या टापूत चार-चार कोसांवर भाषा बदलते, तिथं सून दुसऱ्या पट्ट्यातून आलेली असू शकते. अशा घरातल्या पोराची मातृभाषा आईच्या माहेरची की बापाच्या पाड्याची? शिवाय उत्तर देतो बहुतेक घरातला पुरुष, आणि लिहून घेतो प्रगणक म्हणून आलेला शिक्षक, जो मराठीतून विचारतो. मराठीतून विचारलेल्या 'तुमची भाषा कोणती?' या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस समोरच्या शिक्षकाच्या तोंडाकडं बघूनच उत्तर देतो. कोणी जमातीचं नाव सांगतो, कोणी 'आदिवासी' म्हणतो, कोणी 'मराठी' म्हणून मोकळा होतो. यातलं कुठलंच उत्तर खोटं नाही. प्रत्येक उत्तर भाषेबद्दल थोडं आणि त्या दोघांच्या नात्याबद्दल बरंच काही सांगतं.

नवापूरच्या 'कोकणी'चा पेच तर अभ्यासक्रमात घालावा असा. इथले कोकणा किंवा कोकणी जमातीचे लोक आपल्या भाषेलाही कोकणी म्हणतात. गोव्याची कोकणी वेगळी, आणि १९९२ पासून आठव्या अनुसूचीत. कागदावर दोन्हींची अक्षरं तीच: को-क-णी. एखाद्या घाईतल्या हातानं डोंगरातली कोकणी समुद्रकाठच्या कोकणीत टाकली, तर त्या तक्त्यावरून निघणारा प्रत्येक निष्कर्ष वाकडा होणार. तुम्ही गुगल फॉर्मवर 'मातृभाषा' असा एक रकाना ठेवून सर्वेक्षण करता, तेव्हा हाच धोका तुमच्या घरात आणता.

याला 'तांत्रिक बाब' म्हणून सोडू नका. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलेलं आहे. आता धडगावच्या पहिलीतल्या पोरीची मातृभाषा कागदावर 'भिली' असेल, तर तिच्यासाठी पुस्तक कोणत्या भिलीत छापणार? मावचीत छापलेलं पुस्तक तिला मराठीइतकंच परकं. 'शक्य तेथवर' या दोन शब्दांत सगळी वाट अडते, आणि अडवणाऱ्याच्या हातात तुम्हीआम्ही उद्धृत केलेला तोच तक्ता असतो. वर्गात गप्प बसणाऱ्या त्या पोरीबद्दल मग शेरा जातो, 'भाषिक विकास कमी'. हा शेरा तुम्हाला शिक्षणशास्त्राच्या कितीतरी प्रबंधांत निष्कर्ष म्हणून सापडेल. चाचणी कोणत्या भाषेत घेतली होती ते पान चाळून बघा. नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनानं १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या, तिथं पोरांच्या भाषेतून सुरुवात करून मराठीकडं नेण्याचा प्रयत्न झाला. तुलनेसाठी तो अभ्यासायला हवा.

तिसरी हजेरी गणेश देवींच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाची. महाराष्ट्राचा मराठी खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, पद्मगंधानं २०१३ मध्ये काढला. इथं पहिल्यांदा बाजू बदलली. अधिकाऱ्यानं भरून घेतलेली यादी नाही, तर शक्य तिथं त्या भाषेतल्या किंवा तिच्या जवळच्या माणसानं लिहिलेली नोंद: भाषेचं नाव, प्रदेश, गाणी, गोष्टी, नात्यांचे शब्द, रंगांचे, काळाचे शब्द. दहा हजारांची अट नाही. उधळ्या मुलाच्या जागी त्या-त्या मुलखाची आपली गोष्ट.

मला हा खंड आवडतो, आणि म्हणूनच त्यावर टीका करायला हवी. एक तर प्रत्येकानं आपापली गोष्ट दिल्यामुळं ग्रिअर्सनची ओळीखाली ओळ ठेवायची सोय गेली. भाषेचा मान वाढला, तुलना अवघड झाली. दुसरं, नोंद लिहिणारा हा शिकलेला, बहुधा मराठीतून शिकलेला असतो. साहजिकच त्याच्या लेखात शब्दाचा अर्थ 'मराठीत अमुक' असा येतो. 'काका'समोर एक शब्द लिहिला की झालं. पण ती नाती आखलेली कशी आहेत, मामेभावाला आणि चुलतभावाला एकच शब्द आहे की दोन, थट्टा कोणाशी चालते आणि कोणापुढं बोलायचं नाही, हे यादीत येत नाही. यादी मराठीच्या नात्यांनी सुरू होते आणि दुसऱ्या भाषेनं फक्त गाळलेल्या जागा भरायच्या असतात. तुमच्या प्रश्नावलीतही हेच होतं, तपासून बघा.

इथून आपण दुसऱ्या लाडक्या वाक्याकडं वळू: 'भाषा विचार घडवते.' सपिर आणि व्होर्फ यांची नावं त्याला जोडलेली असतात. व्होर्फनं अमेरिकेतल्या होपी भाषेबद्दल लिहिलं, की तिच्यात आपल्यासारख्या काळाच्या कल्पनेला शब्द नाहीत, रूपं नाहीत. हे इतकं मोहक होतं की कित्येक वर्षं कोणी तपासलं नाही. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोटकीनं होपी काळवाचक शब्दरूपांवर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक काढलं. एवढं सगळं त्या भाषेत होतं.

आपल्याकडं या मोहाचं रूप वेगळं. 'आदिवासींच्या भाषेत आभाराला शब्दच नाही, कारण त्यांच्यात देवाणघेवाणीचा हिशेबच नसतो' असली वाक्यं भाषणांत टाळ्या घेतात आणि मग प्रबंधात शिरतात. मराठी घरात जेवण वाढणाऱ्या आईला 'धन्यवाद' म्हणून बघा. ती तापमापक शोधायला जाईल. त्यावरून मराठी माणूस कृतघ्न ठरत नाही. आभार कुठं शब्दानं मानायचे आणि कुठं ताट स्वच्छ करून, एवढंच ठरतं. शब्द नसणं हा विचार नसण्याचा पुरावा नाही. कौतुकासाठी केलेली ही विधानं अपमानाच्या विधानांइतकीच आळशी असतात. दोन्हींत त्या माणसाला काही विचारलेलं नसतं.

मग भाषा विचार घडवते हे तपासताच येत नाही का? येतं, पण भाषेबाहेरचं वागणं मोजावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर भाषेत डावं-उजवं न म्हणता पूर्व-पश्चिम अशा दिशांनी जागा सांगतात. स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भाषांच्या बोलणाऱ्यांसमोर टेबलावर वस्तू ओळीनं मांडल्या, मग त्यांना अर्धी गिरकी घ्यायला लावून दुसऱ्या टेबलावर तशीच ओळ मांडायला सांगितली. डावं-उजवं मानणारे स्वतःच्या अंगानुसार मांडतात, दिशा मानणारे दिशेनुसार. एक शब्दही न बोलता फरक दिसतो. २००२ मध्ये पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी आक्षेप घेतला, की हा फरक भाषेचा कशावरून? भोवतालच्या खुणा, उघडं रान, बंद खोली, यांचाही असू शकतो. खुणा बदलल्या तर एकाच भाषेचे लोकही वेगळं वागतात. वाद अजून मिटलेला नाही.

आणि इथं नंदुरबारला जगाच्या वादात खरोखर भर घालता येईल. सरदार सरोवरामुळं महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. बरीच कुटुंबं नर्मदेकाठच्या उतारांवरून तळोदा-शहाद्याच्या सपाटीला वसवली गेली; काही डोंगरातच राहिली. भाषा तीच, जमीन बदलली. ज्यांच्या बोलण्यात जागा सांगताना चढ-उतार आणि नदीचं वर-खाल येतं, त्यांच्या सपाटीवर वाढलेल्या नातवंडांच्या बोलण्यात काय येतं? आणि टेबलावरची ओळ दोघं कशी मांडतात? भाषा आणि भूगोल एरवी एकमेकांना चिकटून असतात, म्हणून ली-ग्लाइटमन आणि लेव्हिन्सन भांडत राहिले. इथं ते दोन धागे सुटे झालेत. अर्थात ते कोणत्या किमतीला सुटे झाले हे विसरून हा 'नैसर्गिक प्रयोग' आहे असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. त्यात नैसर्गिक काही नव्हतं.

ही कुटुंबं तीस वर्षं फॉर्म भरतायत. प्रत्येक फॉर्म मराठीत. शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता वाचली नसेल तर 'गोधड' या संग्रहात ती वाचा. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्या व्यासपीठाबद्दल ती आहे, आणि संशोधनपद्धतीच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकापेक्षा मुलाखत घेण्याबद्दल तिच्यातून जास्त कळतं. समीक्षेत तिला 'विद्रोही जाणिवेची कविता' असा शिक्का मारून बाजूला ठेवतात. मला ती पद्धतीवरची टीका वाटते: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि मधे उंची किती.

तेव्हा व्यवहाराचं बोलू. 'मातृभाषा' हा एक रकाना काढा. त्याजागी विचारा: आजीशी कशात बोलता, बाजारात कशात, शाळेत कशात, भांडताना कशात. भाषेचं नाव त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून घ्या. गट नंतर तुम्ही करा, आणि कसा केला ते परिशिष्टात द्या. संमतीपत्रक मराठीत छापलं तरी पावरीत, मावचीत वाचून दाखवेल असा माणूस सोबत ठेवा, आणि त्याचं मानधन बजेटमध्ये धरा. 'प्रवासखर्च' या ओळीत लपवू नका. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्याच हाती प्रगणकाचं काम येण्याची शक्यता आहे. नवापुरात कोणी 'कोकणी' म्हणालं तर आणखी एक प्रश्न विचारा.

वेळापत्रकाचंही आत्ताच बघा. दिवाळीनंतर डोंगरातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा पाड्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील. तुमचा नमुना तिथंच एका बाजूला कलेल. होळीला सगळे परत येतात. पण काठीच्या राजवाडी होळीच्या रात्री कोणाला टेबलावर वस्तू मांडायला सांगू नका. त्या रात्री ढोल ऐका, प्रश्नावली आठवड्यानं काढा.